चेनमेल: पट्टी चौथ्या ओळीला का बिघडते आणि कड्या का उघडतात

चेनमेल म्हणजे धातूच्या कड्या एकमेकींत अडकवून विणलेलं कापड. ते नव्याने विणायला घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. पहिल्या पंधरा-वीस कड्या छान जुळतात, अरुंद पट्टी तयार होते, आणि ती कौतुकाने उचलली की तिची दोरी होते. टेबलावर पुन्हा पसरली तर कुठली कडी कुठल्या ओळीतली ते कळत नाही. नेट धरून चौथी ओळ जोडावी, तर मध्येच एक कडी उभी राहते, कुठे भोक पडतं, कुठे गाठ येते. उसवून पुन्हा केलं तरी तेच. ज्यांची पट्टी जमते, त्यांचं ब्रेसलेट थोड्याच दिवसांत एखाद्या कडीत उघडून पडतं.

यात हाताचा दोष फार थोडा असतो. कारणं तीन: कडीचं माप विणीला मानवत नाही, कडीचं तोंड (तिची दोन टोकं भेटतात ती जागा) नीट मिटलेलं नाही, किंवा पट्टी अजून इतकी अरुंद आहे की तिला स्वतःचा आकारच नाही. तपासायचं याच क्रमाने. माप चुकलेलं असेल तर विणीतली चूक कितीही शोधा, सापडणार नाही. कारण ती तिथे नसतेच.

हे सगळं युरोपियन ४-इन-१ या विणीबद्दल आहे. प्रत्येक कडीतून चार कड्या जातात, म्हणून हे नाव. जुन्या चिलखतांची वीण बहुतांशी हीच. फरक एवढा की त्यांतल्या कड्यांची टोकं सहसा एकमेकांवर चढवून रिव्हेटने, म्हणजे आरपार ठोकलेल्या बारीक खिळ्याने, पक्की केलेली असत, आणि छंद म्हणून आपण विणतो त्यांची टोकं नुसती समोरासमोर टेकवलेली असतात. तोंड जुळवण्याला इथे इतकं महत्त्व आहे ते यामुळेच.

आधी कडी मोजा

सगळ्यात आधी एकच आकडा काढा: कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी. याला अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणतात, इथे नुसतं 'प्रमाण' म्हणू. तार १.६ मिमी आणि आतला व्यास ६.४ मिमी असेल, तर प्रमाण ४.

युरोपियन ४-इन-१ ला ३.५ ते ५ हे प्रमाण सुखाचं. ३ च्या खाली गेलात की कडीत चार कड्यांना जागाच उरत नाही. विणता आली तरी पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. ६ च्या वर गेलात की विणीला भोकं दिसतात, कड्या आडव्या-तिडव्या वळतात आणि कललेल्या ओळी जागेवर राहत नाहीत. शिकण्यासाठी ४ ते ४.५ घ्या. पट्टीतली दिशा डोळ्यांना दिसेल इतकी ती मोकळी असते आणि आकार धरून राहील इतकी घट्टही.

दुसऱ्या विणींना हेच आकडे चालत नाहीत. बायझंटाइनला साधारण ३.५ लागतं, ४.५ च्या कड्या वापरल्या तर दुमडलेल्या कड्या बसत नाहीत, घसरतात, आणि विणणाऱ्याला वाटतं आपली घडीच चुकली. युरोपियन ६-इन-१ ला ५ च्या आसपास किंवा जास्त हवं. एका विणीसाठी आणलेल्या कड्या दुसरीला सरसकट वापरणं हे नवशिक्यांच्या निम्म्या अडचणींचं मूळ आहे, असं आमचं मत आहे.

व्हर्निअर कॅलिपर असेल तर मोजणं सोपं. नसेल तर तार पेन्सिलीवर अगदी चिकटून २० वेढे गुंडाळा, वेढ्यांची एकूण रुंदी साध्या पट्टीने मोजा आणि २० ने भागा; तारेची जाडी मिळाली. मग १० बंद कड्या एका रेषेत, एकमेकींना टेकवून आडव्या ठेवा, लांबी मोजून १० ने भागा. हा बाहेरचा व्यास. त्यातून तारेची जाडी दोनदा वजा केली की आतला व्यास. दहा कड्या ९६ मिमी भरल्या, तर बाहेरचा व्यास ९.६, तार १.६ असेल तर आतला ६.४.

मोजायचं ते नीट मिटवलेल्या कडीचं माप. उघड्या कडीचं नाही, आणि ज्या सळईवर तार गुंडाळली तिचं तर मुळीच नाही. सळईवरून काढलेली गुंडाळी थोडी सैलावते, त्यामुळे कडी सळईपेक्षा नेहमी मोठी होते. मऊ तांब्यात हा फरक थोडा, स्टेनलेसमध्ये बराच, स्प्रिंगच्या पोलादात सगळ्यात जास्त. म्हणून नवी तार आणली की १०-१५ वेढ्यांची नमुना गुंडाळी करायची, तीन कड्या कापून मिटवायच्या, मोजायच्या, आणि मग सळई ठरवायची. दोनशे कड्या कापून झाल्यावर प्रमाण काढलं तर उपयोग नाही.

कड्या विकत घेत असाल तर आणखी एक फसगत टाळा. तारेच्या जाडीचे आकडे, म्हणजे 'गेज', दोन प्रकारचे आहेत, एसडब्ल्यूजी (ब्रिटिश) आणि एडब्ल्यूजी (अमेरिकन), आणि एकाच आकड्याला त्यांत वेगळी जाडी असते. १६ एसडब्ल्यूजी म्हणजे सुमारे १.६३ मिमी, तर १६ एडब्ल्यूजी म्हणजे १.२९ मिमी. १८ ला हेच १.२२ आणि १.०२ होतं. '१६ गेज, पाव इंच' असं लिहिलेल्या दोन पाकिटांपैकी एकाचं प्रमाण ३.९ आणि दुसऱ्याचं ४.९ असू शकतं. ती एकत्र विणली की पट्टी एका बाजूला आवळते आणि दुसऱ्या बाजूला लोंबते. पाकिटावर मिलिमीटर नसतील तर स्वतः मोजल्याशिवाय मिसळू नका.

तोंड जुळत नसेल तर

पक्कड दोन लागतात. चपट्या तोंडाच्या, आणि आतून गुळगुळीत. दात असलेली घरातली पक्कड चालत नाही. ती प्रत्येक कडीवर रेघोट्या पाडते, आणि अ‍ॅल्युमिनियमवर त्या लपत नाहीत. दातांवर कागदी चिकटपट्टी गुंडाळून तात्पुरतं भागतं, पण पट्टी पन्नासेक कड्यांत फाटते. गुळगुळीत पकडीच्याही जबड्याची कड धारदार असेल तर बारीक कानस आणि मग पॉलिश पेपर फिरवून ती गोल करा. कडीवर खोल खूण उमटते ती बहुधा या कडेमुळे, जोर जास्त लावल्यामुळे नव्हे.

कडीचं तोंड घड्याळातल्या १२ वर ठेवा. एक पक्कड ९-१० च्या जागी, दुसरी २-३ च्या जागी. टोकाने नुसतं चिमटू नका, जबड्यात कडीचा शक्य तितका भाग येऊ द्या. उघडताना एक हात स्वतःकडे आणि दुसरा स्वतःपासून दूर, म्हणजे कडीची दोन टोकं एकमेकांना घासून बाजूला सरकतील. दोन्ही हात डावी-उजवीकडे खेचलेत तर कडीचा गोल बिघडतो, आणि एकदा बिघडलेला गोल हाताने परत तसाच येत नाही. फट तारेच्या जाडीच्या दीड ते दोनपट पुरे. जास्त उघडली तर मिटवताना उगीच जास्त वळवावी लागते.

मिटवताना मात्र बहुतेकांचं एक पाऊल कमी पडतं. टोकं समोरासमोर आणली, हात सोडला, की तार जराशी उलटी फिरते आणि केसाएवढी फट राहते. तारेला ही सवय असतेच. उपाय असा: टोकं समोरासमोर आली तरी थांबू नका, तारेच्या जवळपास निम्म्या जाडीएवढी पुढे न्या. हे करताना दोन्ही पकडींनी आतल्या बाजूला हलका दाबही द्या, म्हणजे टोकं एकमेकांवर थोडी चढू पाहतील. मग परत मागे आणा. टोकं घासत जातात तेव्हा बारीक 'टक' जाणवते, कधी ऐकूही येते. ती जाणवली की कडी बसली. एका फेरीत नाही बसली तर पुढे-मागे दोनदा करा. त्याहून जास्त नको, कारण प्रत्येक वळणाने तार कडक होत जाते. तीच कडी सात-आठ वेळा उघडली-मिटवली तर तोंडासमोरच्या भागात ती ठिसूळ होते. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तुटूही शकते.

मिटलेली कडी दोन पद्धतींनी तपासा. उजेडासमोर धरा: तोंडातून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. मग तोंडावरून नख आडवं फिरवा: अडकलं तर एक टोक वर आणि एक खाली आहे. घालायच्या वस्तूला तिसरी परीक्षाही द्या, जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून पट्टी ओढून बघा. मोजा जिथे अडकेल तिथली कडी कपडे आणि केसही ओढणार.

इतकं करूनही फट राहत असेल तर दोष कापण्यात आहे. साध्या कटरने तार दाबून तोडली की तिचं टोक छपरासारखं निमुळतं होतं. अशी दोन टोकं समोर आणली तर ती शिखरावरच टेकतात आणि दोन्ही बाजूंना खाच उरते. ती खाच कितीही पिळून भरत नाही. एका बाजूने सपाट कापणारे कटरही असतात, पण ते एकच टोक सपाट ठेवतात. दुसऱ्या टोकासाठी कटर उलटा धरून तो निमुळता भाग पुन्हा छाटावा लागतो, दर कडीला दोनदा. असे नाजूक कटर तांबं-अ‍ॅल्युमिनियमसाठीच. स्टेनलेसवर त्यांच्या धारेला दाते पडतात. बारीक करवतीने कापलेल्या कड्यांची टोकं सगळ्यात छान जुळतात. करवत मात्र थोडा धातू खाते: कापाची रुंदी ०.३ मिमी असेल तर मिटलेल्या कडीचा आतला व्यास सुमारे ०.१ मिमीने घटतो. ४ च्या प्रमाणात त्याने काही बिघडत नाही, काटेकोर विणीत बिघडतं.

सुरुवातीला करवतीने कापलेल्या तयार कड्या घेणं सगळ्यात बरं. विणायला शिकणं आणि कड्या बनवायला शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकदम सुरू केली की चूक नेमकी कुठली ते उमजत नाही. पुढे स्वतः गुंडाळायला लागाल आणि त्याला ड्रिल वापराल, तेव्हा वेग अगदी कमी ठेवा आणि चष्मा लावा. हातमोजे घालू नका. तारेचं मोकळं टोक शेवटच्या वेढ्याला चाबकासारखं फिरतं, आणि मोजा फिरत्या सळईत गुंतला तर हातही आत ओढला जातो.

दोरी का होते, आणि दिशा कशी धरायची

माप ठीक, तोंडं ठीक, तरी पट्टी वेडीवाकडी. आता विणीकडे येऊ.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे धीर राहील. तीन ओळींची पट्टी खरं तर २-१-२-१ अशी साधी साखळीच असते: दोन कड्या, एक कडी, दोन कड्या, एक कडी. ती टेबलावर पसरून जोडीतली एक कडी वर आणि एक खाली ठेवली, की तिला आपण तीन ओळी म्हणतो. उचलली की ती पुन्हा साखळी होते. जोडीतल्या दोन्ही कड्या अजून जागा बदलू शकतात, त्यांना अडवणारं काही नसतं. म्हणजे ती बिघडलेली नसते, नुसती विस्कटलेली असते. चौथी ओळ बसली की जोड्या कुलूपबंद होतात आणि हा त्रास संपतो. सगळा नाजूकपणा या पहिल्या टप्प्यात आहे, म्हणून इथेच सावकाश जायचं.

सरावासाठी १.६ मिमी तारेच्या, ६.४ मिमी आतल्या व्यासाच्या ३०० अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या पुरतात. वजन सुमारे ४१ ग्रॅम, आणि स्वतः बनवल्यात तर साडेसात मीटर तार. त्याच मापाच्या पोलादी कड्या जवळपास तिप्पट भरतात आणि हाताला जडही जातात. पहिल्या पट्टीला त्या नकोत. शक्य असेल तर दोन रंग घ्या. मधली ओळ तांब्याची आणि बाहेरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या केल्या तर चूक लांबूनही दिसते.

बसण्याआधीच दोन तृतीयांश कड्या मिटवून आणि एक तृतीयांश उघडून ठेवा. विणता विणता एकेक कडी मिटवत बसलं की लक्ष विणीवरून उडतं.

एका उघड्या कडीत चार बंद कड्या ओवा आणि ती मिटवा. गडद, खरखरीत कापडावर ठेवा. गुळगुळीत टेबलावर कड्या घसरतात. मधली कडी मध्ये, दोन बंद कड्या वर, दोन खाली. आता नीट बघा: मधली कडी वरच्या दोघींतून कुठल्या बाजूने आत शिरते, खालून वर की वरून खाली? ते मनाशी पक्कं करा. दुसऱ्या उघड्या कडीत दोन नव्या बंद कड्या अडकवा. ती कडी आधीच्या उजवीकडच्या दोघींतून, म्हणजे वरच्या उजव्या आणि खालच्या उजव्या कडीतून, पहिलीने घेतली त्याच बाजूने न्या आणि मिटवा. नव्या दोन बंद कड्यांपैकी एक वर, एक खाली सरकवा. असंच पुढे. दर दोन-तीन कड्यांनंतर पट्टी पसरून मधल्या सगळ्या कड्या एकाच बाजूला कललेल्या आहेत ना ते बघा. नसतील तर पेन्सिलीच्या टोकाने कलवा. डावीकडच्या टोकाच्या दोन कड्यांतून एक तार घालून ती कापडाला टाचली तर पट्टी पळत नाही.

सरळ पसरलेल्या पट्टीची ओळख अशी: एका ओळीतल्या सगळ्या कड्या एकीकडे कललेल्या, शेजारच्या ओळीतल्या सगळ्या उलटीकडे. पहिली आणि तिसरी सारख्या, मधली उलट. मोजून पाहायचं तर मधल्या ओळीत १० कड्या असतील, तर बाहेरच्या दोन्हींत प्रत्येकी ११ हव्यात. हा हिशेब चुकत असेल तर पुढे जाऊ नका.

चौथी ओळ

चौथ्या ओळीची प्रत्येक उघडी कडी तिसऱ्या ओळीतल्या दोन शेजारणींतून जाते, आणि पुढची कडी त्यातल्या दुसरीला परत धरून तिच्या पुढचीला घेते. म्हणजे पहिली कडी १ आणि २ मधून, दुसरी २ आणि ३ मधून, तिसरी ३ आणि ४ मधून. कल मधल्या ओळीसारखा. इथल्या चुका ठरलेल्या आहेत, आणि प्रत्येकीचं लक्षण वेगळं.

भोक दिसतंय? तर दुसरी कडी २-३ ऐवजी ३-४ मधून गेली. सामायिक कडी सुटली. अशा वेळी चौथ्या ओळीतल्या कड्या मोजल्या तर जवळजवळ निम्म्याच भरतात. ११ वर १० हव्यात.

गाठ किंवा सुरकुती आली? एका कडीने दोनऐवजी तीन धरल्या. संशयित कडी चिमटीत उचला आणि तिच्यातून जाणाऱ्या मोजा. आतल्या भागात ४ हव्यात, काठावर २, कोपऱ्यात १ किंवा २. आतल्या भागात ५ आल्या तर तीच.

एक कडी उभी राहते आणि दाबली तरी बसत नाही? तिच्यातून जाणाऱ्या कड्या मोजल्या तर हव्यात तितक्याच भरतात, म्हणून ही चूक सगळ्यात जास्त छळते. आकडा बरोबर, पण ती उलट्या बाजूने आत शिरली आहे. ओळीवरून तळहात एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उलट फिरवा. बाकीच्या कड्या आडव्या पडतील, ही हाताला टोचेल. तिला पिळून बसवायचा प्रयत्न करू नका. उघडा, काढा, शेजारणीकडे बघून त्याच बाजूने पुन्हा घाला. एक कडी काढायला अर्धा मिनिट लागतो. तीन ओळींनंतर तीच काढायला अर्धा तास.

आणि कापड निमुळतं होत चाललंय? चूक काही नाही. दर ओळीत प्रत्येक कडीने दोन धरल्या तर दर ओळीला एक कडी कमी होणारच: ११, १०, ९, ८. आयत हवा असेल तर एकाआड एक ओळीत दोन्ही टोकांना एकेक जादा कडी घाला. ती फक्त टोकाच्या एकाच कडीतून जाते.

खरं सांगायचं तर नवशिक्याने एकेक ओळ जोडूच नये. तीन ओळींच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या करा, त्या समोरासमोर पसरा, आणि मधल्या उघड्या कड्यांनी शिवा: प्रत्येक कडी वरच्या पट्टीतल्या दोन आणि खालच्या पट्टीतल्या दोन धरते. तीन अधिक एक अधिक तीन, सात ओळी झाल्या, आणि काठही सरळ. शिवण्याआधी दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या ओळी एकाच बाजूला कललेल्या आहेत ना ते बघा. नसतील तर एक पट्टी टेबलावरच अर्धी फेरी फिरवा, म्हणजे तिचं डावं टोक उजवीकडे येईल. कल आपोआप उलटतो.

ब्रेसलेट उघडतं तेव्हा

विणीच्या मध्ये कडी सहसा उघडत नाही, कारण ओढ कित्येक कड्यांत वाटली जाते. उघडते ती बहुधा फासाजवळची (ब्रेसलेट अडकवायचा हुक असतो तिथली), जिथे सगळा ताण एकाच कडीवर येतो. तिथे एकाऐवजी दोन कड्या एकत्र घाला, किंवा आतला व्यास तोच ठेवून जाड तारेची कडी घ्या. जाडीने पडणारा फरक वाटतो त्याहून फार मोठा असतो: ६.४ मिमी व्यासाच्या कडीची तार १.२ वरून १.६ केली, तर ती उघडायला दुपटीहून जास्त जोर लागतो. उलट, तार तीच ठेवून कडी मोठी केली तर ती कमजोर होते. किल्ल्यांच्या साखळीला मऊ अ‍ॅल्युमिनियम किंवा मऊ तांबं वापरूच नये. निदान टोकाच्या कड्या स्टेनलेसच्या ठेवा.

ब्रेसलेटची लांबी ठरवतानाही ताण लक्षात घ्या. ही वीण ओळींच्या दिशेने बरीच ताणते आणि ताणली की अरुंद होते. दहा जोड्या विणून, पट्टी हलकेच पसरून मोजा, आणि त्यावरून एकूण कड्या काढा. ओढून मोजलेलं ब्रेसलेट मनगटावर बसताना आखूड पडतं, मग ते ओढून लावलं जातं, आणि फासाजवळची कडी उघडते.

काळे हात, पांढरी पूड, उडालेला रंग

नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्यांनी बोटं काळी होतात. कापताना-घासताना निघालेली ती बारीक पूड असते. बरणीत कड्या, कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब घालून हलवा, पाणी बदला, ते स्वच्छ दिसेपर्यंत करा, मग कापडावर पूर्ण वाळवा. कॉस्टिक किंवा सोड्याची तीव्र पूड अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, ते काळवंडतं. रंगीत अ‍ॅनोडाइज्ड कड्या पोलादी कड्यांबरोबर एका डब्यात ठेवू नका. रंगीत कड्यांचा रंग फक्त पृष्ठभागावर असतो, म्हणून तो घासून उडतो, आणि कापलेल्या टोकांना रुपेरी ठिपका दिसणारच. विणताना तोंड शेजारच्या कडीखाली सरकवा.

जस्ताचा मुलामा असलेली पोलादी तार स्वस्त म्हणून घेतली जाते, पण अंगावर घालायच्या वस्तूला ती बरी नाही. ओलाव्याने तिच्यावर पांढुरकी पूड धरते. ती मऊ करायला कधीही तापवू नका, जस्ताचा धूर विषारी असतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. निकेलने ज्यांच्या त्वचेला खाज येते त्यांच्यासाठी ते नको. काळं पडलेलं तांबं व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात काही मिनिटं ठेवून उजळतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, धुवा, लगेच पुसा. तांबं-अ‍ॅल्युमिनियमची दोन रंगी पट्टी सरावाला उत्तम, पण घामात रोज वापरली तर जिथे दोन्ही टेकतात तिथे अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

पट्टीची नळी करताना

राहिली एक अडचण, जी सहसा पहिल्या चार-पाच पट्ट्यांनंतर येते. रुंद पट्टी गुंडाळून वरची ओळ खालच्या ओळीला जोडायची, आणि शेवटची जोड बसतच नाही. कारण ओळींची संख्या. कल एकाआड एक बदलतो, त्यामुळे पूर्ण नळीत ओळी सम हव्यात. सात ओळींची पट्टी एका जोडओळीने मिटते, एकूण आठ. सहा ओळींची मिटवायला गेलात तर जोडओळीच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट कल येतो आणि कड्या उभ्या राहतात. अशा वेळी एक ओळ आधी वाढवा किंवा काढा. मिटवण्याआधी पट्टीला कुठे पीळ पडलेला नाही ना, हे काठावरून बोट फिरवत टोकापर्यंत बघा. जोडायची पहिली कडी एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला आणि तिसरी मध्यभागी घातली, की पीळ असेल तर तिथेच दिसतो, आणि तीनच कड्या काढाव्या लागतात.